सातवा नियम

रविवार होता, पतसंस्था बंद. जुनी फायरवॉल बदलण्याआधी तिचा लॉग उघडून बसलो. ओळी भराभर वर सरकत होत्या. २३ नंबरचं पोर्ट, ड्रॉप. २२, ड्रॉप. ४४५, ड्रॉप. ही चाचपणी बहुतेक वेळा कुणी माणूस बसून करत नाही. पत्त्यामागून पत्ता चाळणारे प्रोग्राम दिवसरात्र हेच करतात. २०१६मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने टेलनेटचं हेच २३ नंबरचं पोर्ट शोधत फिरून, मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

मग एक ओळ आली: ३३८९, पास.

हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट. पॅकेट कुठून आलं, कुठे निघालं, कोणत्या पोर्टवर, एवढं पाहून फायरवॉल नियमांची यादी वरून खाली वाचते. जो नियम आधी जुळेल, तिथेच निकाल. ‘बाकी सगळं बंद’ हा नियम अगदी तळाला. आतून कुणी साइट उघडली तर त्याची नोंद ती ठेवते, आणि त्या नोंदीशी जुळणारं उत्तर तेवढं आत घेते. इथे मात्र सातव्या नियमाने ३३८९ साऱ्या जगाला मोकळं ठेवलं होतं. तळापर्यंत वेळच येत नव्हती. शेऱ्यात एकच शब्द: ‘तात्पुरतं’.

व्यवस्थापकांना फोन लावला. “सॉफ्टवेअरवाल्यांना एक दिवस हवं होतं हो. दोन वर्षं झाली त्याला.”

उघडून द्या म्हणून दहा फोन येतात, बंद करा म्हणून एकही येत नाही. आत लोकांच्या ठेवींचे हिशेब आहेत, म्हणून याचा मला फार त्रास होतो. नियम काढला, सॉफ्टवेअरवाल्यांना व्हीपीएन दिलं.

तरी वेशीवरच्या फायरवॉलला घरातलं दिसत नाही. मे २०१७मधला वॉनाक्राय हा किडा ४४५ वरूनच पसरला. असा किडा एकदा आत शिरला की शेजारच्या संगणकावर स्विचमधूनच जातो, फायरवॉलच्या वाटेला येतच नाही. म्हणून कॅशचे संगणक बाकीच्यांपासून वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्कवर, घेतले आणि दोन्हींमधली ये-जा फायरवॉलमधून वळवली.

सोमवारी दहाला कॅशमधून फोन. “सर, व्हाउचरची प्रिंट निघत नाहीये.” प्रिंटर पलीकडच्या व्हीलॅनवर राहिला होता. नियम घातला: कॅशच्या संगणकांकडून त्या एकाच प्रिंटरकडे, फक्त ९१०० पोर्टवर. शेऱ्यात तारीख, कारण आणि माझं नाव लिहिलं.