जंजीर नावाच्या कुत्र्याची आठवण

घाटावर पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतात, त्याला पुरणपोळी चारतात. गायीला वसुबारस आहे. दत्ताच्या तसबिरीतल्या कुत्र्यांनाही आपण हात जोडतो. पण दारचा कुत्रा म्हटला की उरलीसुरली भाकरी आणि वर काठी! खरे तर रात्रभर खळ्याची राखण करणारा तोही घरचा गडीच. म्हणून आज एका कुत्र्याविषयी लिहितो. तो शेतावरचा नव्हे, पोलिसातला होता. पण कामाच्या जनावराचा स्वभाव कसा ओळखावा, हे त्याच्यावरून चांगले समजते.

त्याचे नाव जंजीर, म्हणजे साखळी. जात लॅब्रॅडॉर, जन्म ७ जानेवारी १९९२. पुण्याला शिवाजीनगरच्या पोलिसी श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून २९ डिसेंबर १९९२ रोजी तो मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. तेव्हा त्याला वर्षही पुरे झाले नव्हते. एवढ्या वयाच्या गोऱ्ह्याच्या मानेवर आपण जू ठेवत नाही.

अडीच महिन्यांत १२ मार्च १९९३ उजाडला. मुंबईत एका दुपारी बारा स्फोट झाले, २५७ माणसे गेली. माझे गाव कोलशेत, ठाण्याच्या खाडीकाठी. मुंबईला कामावर गेलेला माणूस घरी परतेपर्यंत त्या संध्याकाळी बायका दारातून हलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी जंजीर थांबला. तिच्यात आरडीएक्स आणि जिलेटिनच्या कांड्या निघाल्या. पुढे मुंबई, मुंब्रा आणि ठाणे इथले आणखी घातपात त्याच्या नाकाने टळले. उभ्या नोकरीत त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधून दिल्याची नोंद आहे.

आता यातली खरी गंमत पाहा. आपल्याकडे कुत्र्याची पारख भुंकण्यावरून होते. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याची पारख गप्प बसण्यावरून होते. वास लागला की भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही; जागच्या जागी बसून आपल्या माणसाकडे पाहायचे. एक धक्का लागला तर सगळेच संपायचे. आणि हे शिकवतात ते मारून नव्हे. तो वास सापडला की चेंडू मिळतो किंवा खाऊ मिळतो, शाबासकी मिळते. कुत्र्याच्या लेखी तो खेळच. बॉम्ब म्हणजे काय, हे जंजीरला शेवटपर्यंत ठाऊक नसणार. आपला माणूस खूश झाला, एवढे त्याला कळत असे.

या जातीचा स्वभावच मुळी तसा. तिचे पूर्वज आताच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांचे सोबती होते. जाळे ओढायला मदत करायची, सुटलेला मासा पाण्यातून तोंडात धरून, दात न लावता आणून द्यायचा! आमच्या खाडीवरच्या कोळ्यांना हे चटकन पटेल. खादाड, लोभी, कोणाशीही दोस्ती करणारे जनावर. राखणीला ते फारसे उपयोगी नाही, हेही सांगून ठेवतो.

उलट काही जाती हट्टी असतात. बर्फाच्या मुलखात कुत्रा हाच बैल. चाक नसलेली घसरगाडी तो ओढतो. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावी घटसर्पाची साथ आली. (गुरांचा घटसर्प नव्हे, मुलांच्या घशाला होणारा.) रेल्वे संपते तिथून गाव हजार किलोमीटरहून लांब. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी साडेपाच दिवसांत औषध पोचवले. सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा सेप्पाला या गाडीवानाने बारा वर्षांच्या टोगोला पुढे जुंपून काढला. हाच टोगो लहानपणी रोगट आणि इतका व्रात्य होता की सेप्पालाने तो देऊन टाकला होता. तर खिडकीची काच फोडून पठ्ठ्या परत आला. सेप्पालाने ओळखले, ही खोडी नव्हे, ओढ आहे. पुतळा मात्र न्यूयॉर्कला बाल्टोचा उभा राहिला, कारण शेवटचा टप्पा त्याचा. कावडीत बहुतेक पाणी दुसऱ्याचे असले तरी नाव दारात उतरवणाऱ्याचे होते, असो.

कोलशेतला भाताच्या खाचरांवर आता टॉवर उभे आहेत आणि त्यांत टोगोच्या जातीचे हस्की कुत्रे पाळतात. धावायला जन्मलेले जनावर दोन खोल्यांत कोंडले की ते सोफे फाडते, आणि मालक म्हणतो कुत्रा वाईट निघाला.

आपल्या घरीही तेच होते. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा राखण्या होत नाही, चावरा होतो. तेव्हा पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आणण्यापूर्वी तासभर बसून पाहा: कोणते धीट आहे, कोणते हाकेला येते, कोणते कोपऱ्यात दडते. दडणारे रात्रीच्या राखणीला नको. तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याची लस टोचून घ्या आणि पुढे दरसाल चुकवू नका. घरात एकाच माणसाने त्याला शिकवावे. दहा जणांच्या दहा हाकांनी जनावर बावचळते.

जंजीरला पुढे हाडाचा कर्करोग झाला. १६ नोव्हेंबर २००० रोजी मुंबईत तो गेला, वय अवघे आठ. पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. फुलांनी झाकलेल्या त्याच्या देहापुढे वरिष्ठ अधिकारी वाकला होता. मोठ्या अंगाच्या जातींत हा रोग आढळतो. तुमचा कुत्रा मार न लागता लंगडू लागला, पायावर कठीण सूज आली, तर मुरगळला असेल म्हणून तेल चोळत बसू नका. आठवड्याच्या आत पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.