पटकथालेखकांचा उरलेला वाटा

आमच्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांस नटनट्यांचीं नांवें तोंडपाठ असतात. परंतु त्या नटांच्या तोंडचीं वाक्यें कोणीं लिहिलीं असें विचारिलें असतां क्वचितच कोणास उत्तर देतां येईल. या पडद्यामागील लेखकांनीं अमेरिकेंत आपल्या मोबदल्यासाठीं जो वारंवार झगडा केला, त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस बोधप्रद वाटेल अशा समजुतीनें आम्ही ती येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कादंबरीकाराच्या पुस्तकाचें स्वामित्व सामान्यतः त्याचें असतें व विकलेल्या प्रतींमागें त्यास वाटा मिळतो. हॉलिवुडच्या पटकथालेखकाची स्थिति निराळी आहे. तो ठरलेली रक्कम घेऊन लिहितो आणि कृतीचें स्वामित्व कंपनीकडे जातें. ही उणीव भरून काढण्यासाठीं लेखकांच्या संघानें कंपन्यांशीं करार करून घेतले. खेळ पुन्हा दाखविला, किंवा नव्या साधनानें लोकांपुढें आणला, म्हणजे या करारांप्रमाणें लेखकास जी रक्कम मिळते तिला ‘रेसिड्युअल’ म्हणतात. आम्ही तिला ‘उरलेला वाटा’ म्हणतों. लेखकास बारमहा काम असतेंच असें नाहीं. दोन कामांमधील रिकाम्या महिन्यांत घरभाड्यास याच पैशाचा आधार होतो.

अडचण येते ती नवें साधन निघालें म्हणजे. संघ १९३३ सालीं स्थापन झाला तेव्हां चित्रपट चित्रगृहांतच दिसत. पुढें दूरचित्रवाणी आली व तेच चित्रपट घरोघर दिसूं लागले. या उत्पन्नांत वाटा मिळावा म्हणून १९६० सालीं लेखकांनीं जानेवारीपासून जूनपर्यंत संप केला. त्याच वर्षीं नटांनींही संप केला. त्यांच्या संघाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन हे पुढें अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. या लढ्यानें नव्या चित्रपटांवर वाटा मिळूं लागला, आणि निवृत्तिवेतनाची व आजारपणांतील साह्याची तरतूद झाली.

त्यानंतर व्हिडिओ कॅसेट आली. १९८५ सालचा संप दोनच आठवडे टिकला, आणि लेखकांस जो हिशेब पतकरावा लागला तो आमच्या विद्यार्थ्यांनीं वहींत मांडून पाहावा. वितरकाकडे १०० डॉलर आले, तर त्यांतील ८० बाजूला काढावयाचे. उरलेल्या २० डॉलरांवर शेंकडा दीड या दरानें लेखकाचा वाटा. म्हणजे १०० डॉलरांमागें अवघे ३० सेंट! उत्पन्न दहा लाख डॉलरांपलीकडे गेलें, तर पुढच्या रकमेवर ३६ सेंट. कॅसेट तयार करण्यास तेव्हां खर्च फार येई, हें कंपन्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. परंतु पुढें खर्च उतरला, स्वस्त डीव्हीडी निघाली, तरी दर तोच राहिला.

म्हणून इंटरनेटवर खेळ दिसूं लागतांच लेखक सावध झाले. ५ नोव्हेंबर २००७ रोजीं सुमारें १२,००० लेखकांनीं लेखणी खालीं ठेविली. साधन नवें आहे, त्यांत नफा किती होईल हें आज सांगतां येत नाहीं, असें कंपन्या म्हणत. कॅसेटच्या वेळींही आम्ही हेंच ऐकलें होतें, असें लेखक म्हणत. १२ फेब्रुवारी २००८ रोजीं संप मिटला. डीव्हीडीचा दर वाढला नाहीं, परंतु इंटरनेटसाठीं केलेलें लेखन संघाच्या कराराखालीं आलें व तेथें दाखविलेल्या खेळांवरही वाटा ठरला.

तरी प्रश्न संपला नाहीं. स्ट्रीमिंगच्या कंपन्या उरलेला वाटा ठराविक देत. खेळ हजारांनीं पाहिला कीं कोट्यवधींनीं, लेखकाच्या पदरीं सारखेंच पडे. प्रेक्षकांचे आंकडेही गुप्त असत. यामुळें २ मे २०२३ रोजीं पुन्हा संप झाला, तो १४८ दिवस चालला. मोठ्या खर्चाचा स्ट्रीमिंग खेळ पहिल्या ९० दिवसांत देशांतील वर्गणीदारांपैकीं शेंकडा २० इतक्यांनीं पाहिला, तर त्या ठराविक वाट्याच्या निम्मी रक्कम अधिक मिळावी, असें २०२३ च्या करारांत ठरलें. कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र हें लेखक मानूं नये, असेंही ठरलें.

या संपांची झळ केवळ मालकांस लागली नाहीं. सुतार, शिंपी, वाहनचालक, उपाहारगृहांतील नोकर अशा ज्यांचा तंट्याशीं संबंध नव्हता, त्यांचीही मजुरी बुडाली. भांडवल घालून तोटा सोसण्याची जोखीम कंपन्या उचलतात, हेंही विसरतां कामा नये. म्हणून संप हें शेवटचें साधन होय, असें आम्हांस वाटतें.

आमच्या देशांत हा प्रश्न कायद्याच्या मार्गानें हातीं घेतला गेला. २०१२ सालीं कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती झाली. चित्रगृहाबाहेर कृतीचा जो उपयोग होतो त्यावरील मानधनाचा हक्क लेखकास, गीतकारास व संगीतकारास आतां लिहून देऊनही सोडतां येत नाहीं. कवि जावेद अख्तर यांनीं राज्यसभेंत या दुरुस्तीचा पुरस्कार केला होता. कायदा झाला तरी हक्काची रक्कम प्रत्यक्ष हातीं पडण्यास जागरूकता व एकी लागतेच.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां लेखक होईल, कोणी कारखानदार. करारावर सही करण्यापूर्वीं तो पुरता वाचावा, आणि आज क्षुल्लक दिसणारें साधन उद्यां केवढें होईल याचा विचार दोघांनींही करावा, एवढीच आमची सूचना आहे. पुढच्या खेपेस चित्रपट पाहतांना लेखकाचें नांवही अवश्य वाचावें.