चिकित्सालयातील पेनड्राइव्ह : किती विसंबावे?

गल्ल्यात, किल्ल्यांच्या जुडग्यात अथवा सदऱ्याच्या खिशात एखादा पेनड्राइव्ह नाही, असा वैद्य आज आपल्या जिल्ह्यात शोधूनही सापडणे कठीण. रुग्णपत्रके, शिबिरांची छायाचित्रे, चूर्णांच्या डब्यांवरील लेबलांचा मजकूर, कर सल्लागाराकडे द्यावयाची विक्रीची विवरणे, सर्व काही त्या बोटभर वस्तूत सामावलेले असते. भरला की पुसावा, पुन्हा भरावा, असा आपला क्रम. लहानपणी ओल्या फडक्याने पाटी पुसून त्याच पाटीवर नवा पाढा लिहीत असू, तसेच हे, अशी आपली समजूत. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे याच समजुतीत होता.

२०१८ च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. माझ्या औषधालयाची नवी लेबले छापावयाची होती. १६ जीबीच्या ज्या पेनड्राइव्हवर रुग्णांच्या नोंदी ठेवीत असे, तो मी फॉरमॅट केला, रिकामा झाल्याची खात्री केली, त्यावर लेबलांची फाइल घातली आणि दारव्ह्यातील एका छपाईच्या दुकानात दिला. तेथील मुलाच्या हातून ती फाइल चुकून पुसली गेली. मुलगा प्रामाणिक, त्याने घाबरून पुसलेले परत मिळविण्याची एक प्रणाली चालविली आणि सायंकाळी मला दूरध्वनी केला. “डॉक्टरसाहेब, लेबल सापडलं. पण त्याच्यासंगं तुमचे पेशंटही निघाले.”

दोनशेहून अधिक रुग्णपत्रके त्याच्या पडद्यावर होती. वंध्यत्व, श्वित्र, अर्श. नावे, गावे, वये यांसह. त्यांत त्याच्याच गल्लीतील एका सुनेचे पत्रक होते. तो काही बोलला नाही. बोलला नाही म्हणूनच मला कळले की त्याने ते वाचले होते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला दीक्षा देताना रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न नेण्याचा दंडक घातलेला आहे. आपण सर्वांनी तो शिकताना पाठ केला. त्या सुनेचे रहस्य मी कोणापाशी उच्चारले नव्हते. केवळ एका खिशातून दुसऱ्या हातात दिले होते.

हे घडले कसे? फाइल ‘डिलीट’ केली असता पेनड्राइव्ह मजकुरास हात लावीत नाही. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतील ओळ खोडावी आणि प्रकरण मात्र जागेवरच राहावे, तसा हा प्रकार आहे. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे संपूर्ण अनुक्रमणिकाच नवी कोरी करणे, पाने तशीच. त्या जागी नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना वाचता येतो.

यात एक गंमत आहे. तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृतिपट्टी शोधली, तेव्हा तिला ‘फ्लॅश’ हे नाव पुसण्याच्या क्रियेवरूनच मिळाले. मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या लखलखाटाची आठवण झाली. परंतु ही पुसण्याची क्रिया चिपला झिजविणारी आहे. स्वस्त पेनड्राइव्हमधील कोशिका साधारण हजारभर वेळा पुसून लिहिल्यावर थकू लागतात. म्हणून चिप शक्यतो पुसणे टाळते आणि नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी दाखविले की, एखादी फाइल तिच्यावर दुसरे काही लिहून नष्ट करू गेल्यास चिपच्या पोटात तिचे अंश उरतात.

तेव्हा उपाय पुसण्यात नाही, लिहिण्यापूर्वीच आहे. रुग्णांच्या नोंदींचा पेनड्राइव्ह प्रथमपासूनच सांकेतिक कुलपात ठेवावा. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत ‘बिटलॉकर’ची सोय असते, घरगुती आवृत्ती असल्यास ‘व्हेराक्रिप्ट’ ही विनामूल्य प्रणाली चालते. मग पेनड्राइव्ह हरवला तरी कुलूपच हरवते. छपाईसाठी व कर सल्लागारासाठी वेगळा पेनड्राइव्ह असावा आणि त्यावर रुग्णाचे नाव कधीही जाऊ नये. दुसऱ्यास देताना ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, वेळ लागतो, पण दुकानातील प्रणालीस सहसा काही सापडत नाही. निकामी पेनड्राइव्ह कचऱ्यात टाकू नये. आपल्याकडे लोखंडी खलबत्ता असतोच. आतील काळी चिप त्यात फोडावी. (भस्म होईपर्यंत घोटण्याची आवश्यकता नाही.) २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मधील त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या आपल्या लहान चिकित्सालयांनीही त्यांची माहिती करून घेणे इष्ट.

आता दुसरी बाजू, आणि ती मला अधिक बोचते. त्या प्रसंगानंतर मी नोंदींचा नवा पेनड्राइव्ह घेतला, त्यावर आमवाताच्या रुग्णांची अकरा वर्षांची निरीक्षणे एकत्र केली आणि तो खणात जपून ठेवला. संगणकावरची प्रत जागा हवी म्हणून काढून टाकली. मध्ये तीन उन्हाळे गेले. आपल्याकडील मे महिना वैद्यांस सांगावयास नको. पत्र्याच्या छपराखालचा खण दुपारी हाताला चटका देतो. पुढे तो पेनड्राइव्ह लावला तेव्हा पडद्यावर एकच वाक्य आले : वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा.

फ्लॅशमधील मजकूर म्हणजे सूक्ष्म कोशिकांत कोंडलेला विद्युत्भार. तो हळूहळू गळतो. उष्णतेत अधिक वेगाने, झिजलेल्या चिपमध्ये त्याहून वेगाने. शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन महिने सांगितली. आसवारिष्टे मात्र जुनी होता होता गुणवान होतात. पेनड्राइव्हला आसव समजण्याची चूक मी केली, तो चूर्णाच्या वर्गातील आहे. माझ्या बाबतीत उष्णतेनेच घात केला की चिपच मुळात हलकी होती, हे सांगता येणार नाही. बाजारात वेष्टनावर मोठा आकडा आणि आत लहान चिप असा मालही मिळतो. त्यात मर्यादेपलीकडचा मजकूर लिहिल्यासारखा दिसतो, पण मुळात साठतच नाही.

तो संदेश आल्यास ‘होय’ दाबू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. मी दाबले. न दाबता जाणकाराकडे नेला असता तर कदाचित काही हाती लागले असते.

सांप्रत माझ्या नोंदी संगणकावर असतात, एक प्रत बाह्य हार्डडिस्कवर, आणि दुसरी कुलपासह यवतमाळला भावाच्या घरी. दर तीन महिन्यांनी, हे त्रैमासिक हाती पडले की, दोन्ही प्रती उघडून चार पत्रके वाचून पाहतो. पेनड्राइव्ह आहे, तो नेण्या-आणण्यापुरता. त्या अकरा वर्षांपैकी कागदी पत्रकांवरून चार वर्षांची निरीक्षणे पुन्हा लिहून झाली आहेत. उरलेल्यांसाठी जुन्या रुग्णांना बोलावून विचारीत आहे.