किनाऱ्यावरचे जेलीफिश कोण आणतं?

रत्नागिरीच्या भाट्ये किंवा मांडवीच्या वाळूत पडलेले जेलीफिश तिथे आपणहून आलेले नसतात. छत्री आकसून ते थोडे वरखाली होतात, दूरचा प्रवास मात्र प्रवाहाच्या हाती. पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉरला (तो खरा जेलीफिश नव्हेच) तर पावसाळी वारे निळ्या फुग्यासकट किनाऱ्याकडे ढकलतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या जुहूवर अनेकांना त्याचा डंख बसला. काही जण सगळा दोष बेसुमार मासेमारीला देतात. स्पर्धक मासे घटल्याचा फायदा जेलीफिशना होत असेलही. पण त्यांचा ठरावीक हंगाम त्यातून उलगडत नाही. नैऋत्य मोसमी काळात अरबी समुद्राच्या खालच्या थरातलं थंड, पोषक, पण प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्यालगत वर सरकतं. त्यावर प्लवक फोफावतात, आणि मासे जिथे गुदमरतात तिथे अनेक जेलीफिश तग धरतात.