खूण का सरकली? पडद्यावरचा बिंदू आणि चित्रातला बिंदू



मी राहतो तांबरमला, चेन्नईच्या दक्षिणेला. १९२८ साली डॉ. चौरी मुथू यांनी इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केलं. लोकलच्या 'तांबरम सॅनेटोरियम' या स्टेशनाचं नाव त्यावरूनच आलं. अशा गावात माझ्यासारख्या प्रोग्रामरच्या वाट्याला छातीचे एक्स-रे आले, यात नवल नाही.

एका छोट्या दवाखान्यासाठी मी एक्स-रे बघायचा प्रोग्राम लिहिला. डॉक्टर संशयास्पद जागी क्लिक करायचे, तिथे लाल खूण उमटायची. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग त्यांनी तीच फाइल दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर उघडली आणि मला फोन केला, "अहो, खूण दुसऱ्याच बरगडीवर गेली!" त्यांच्या लक्षात आलं म्हणून बरं. नुसती खूण पाहून कुणी रिपोर्ट लिहिला असता तर?

चूक माझीच होती. क्लिक पडद्यावर जिथे झालं, तेच आकडे मी साठवले होते.

लोकलच्या खिडकीत बसल्यावर सॅनेटोरियमचं स्टेशन आधी खिडकीच्या एका कडेला दिसतं, मग मधोमध, मग दुसऱ्या कडेला. स्टेशन मात्र जागचं हललेलं नसतं. खिडकीतली जागा म्हणजे पडद्यावरचा बिंदू. रुळांवरचं अंतर म्हणजे चित्रातला बिंदू. मी खिडकीतली जागा लिहून ठेवली आणि गाडी पुढे गेली!

आता हिशोब करू. क्लिक आणि चित्रातला पिक्सेल यांच्यामध्ये तीन गोष्टी येतात. पहिली, चित्राची चौकट विंडोत कुठे सुरू होते. दुसरी, चौकटीच्या आत चित्र किती सरकवलं आहे. तिसरी, झूम किती आहे. चित्र दाखवताना आपण पिक्सेलला झूमने गुणतो, मग त्यात सरक आणि चौकटीची जागा मिळवतो. परत येताना क्रम उलटा: आधी दोन्ही वजा करायचे, शेवटी झूमने भागायचं.

समजा क्लिक झालं (६४०, ४८०) इथे. चौकट (२००, ८०) पासून सुरू होते. चित्र डावीकडे ३०० आणि वर १५० सरकवलं आहे, म्हणजे सरक (-३००, -१५०). झूम ०.५.

आडवा: (६४० - २०० + ३००) ÷ ०.५ = १४८०
उभा: (४८० - ८० + १५०) ÷ ०.५ = ११००

साठवायचं ते (१४८०, ११००). पडदा बदलला, झूम बदलला, तरी हे आकडे तेच राहतात. आधी भागून मग वजाबाकी केली, तर मात्र उत्तर चुकतं. झूम १ असताना ही चूक दिसतही नाही; म्हणून चाचणी कधीही झूम १ वर थांबवू नका.

चार खाचखळगे सांगतो.

एक. उत्तर अपूर्णांकात आलं तर खालचा पूर्णांक घ्या. १४८०.७ हा बिंदू १४८० क्रमांकाच्याच पिक्सेलमध्ये पडतो. नुसते दशांश छाटू नका; तसं केलं तर -०.४ चं ० होतं आणि चित्राबाहेरचं क्लिक आत आल्यासारखं वाटतं.

दोन. ब्राउझरमध्ये कॅनव्हासची आतली रुंदी १६०० आणि पडद्यावरची ८०० असू शकते. मग चौकटीची जागा वजा केल्यावर आधी दोनाने गुणा. सरक आणि झूम कॅनव्हासच्या आतल्या मापात असतील, हे गृहीत धरून बोलतोय.

तीन. चित्र आडवं उलटवलं असेल, तर रुंदीतून आडवा आकडा वजा करावा लागतो. एक्स-रेमध्ये हे फार जपायचं. रुग्णाची उजवी बाजू प्रथेनुसार आपल्या डाव्या हाताला दिसते. इथे चुकलं तर फुप्फुसच बदलतं.

चार. माउसच्या टोकाखालची जागा न हलता झूम व्हायला हवा असेल, तर आधी तिथला चित्रबिंदू काढा, त्याला नव्या झूमने गुणा आणि चौकटीतल्या माउसच्या जागेतून वजा करा. उरेल ती नवी सरक.

मिलिमीटर हवे असतील तर पिक्सेलचं अंतर डायकॉम फाइलमधून घ्या. पण एक्स-रेमधली सावली मूळ वस्तूपेक्षा थोडी मोठी पडते, हे विसरू नका.

माझ्या जुन्या खुणांचं काय झालं? त्या वाचवता आल्या नाहीत. क्लिकच्या वेळचा झूम आणि सरक मी साठवलेच नव्हते, त्यामुळे उलटा हिशोब कशाच्या आधारावर करणार? डॉक्टरांची माफी मागितली. त्यांनी आठवड्याभराचे सगळे एक्स-रे पुन्हा उघडून खुणा नव्याने केल्या.

आज तुमच्या प्रोग्राममध्ये एवढं करून बघा: खूण करा, झूम बदला, चित्र सरकवा, विंडो लहान करा, फाइल बंद करून पुन्हा उघडा. खूण जागेवर असेल, तर हिशोब बरोबर आहे. भेटू पुढच्या भागात.