लॅमिनेट आणि व्हायनिल फ्लोअरिंग : ओळख आणि निगा

सदनिका, दुकाने, दवाखाने आणि कार्यालये यांत लाकडी फळ्यांसारखी दिसणारी जी जमीन आढळते, ती बहुतेक वेळा लॅमिनेटची असते किंवा व्हायनिलची. बाजारात दोन्हींना सर्रास ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हटले जाते, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. दोन्हींत वर दिसते ते लाकडाचे छापील चित्र असते. फरक त्या चित्राखालच्या गाभ्यात आहे. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा, तर व्हायनिलचा गाभा प्लॅस्टिकचा. जमीन कशाने बिघडेल, कशाने पुसावी आणि बिघडल्यास कशी दुरुस्त करावी, हे सारे या गाभ्यावरून ठरते.

लॅमिनेटची घडण

टेबलांवर आणि कपाटांवर सनमायकासारखे कडक पत्रे चिकटवण्याचे तंत्र जुने आहे. तेच तंत्र जमिनीसाठी वापरण्याची कल्पना स्वीडनमधील पर्स्टॉर्प या कंपनीत १९७७ साली पुढे आली, आणि १९८०च्या दशकात ‘पर्गो’ या नावाने तिची जमीन युरोपात विकली जाऊ लागली. सुरुवातीला फळ्यांच्या खाचांत गोंद भरून त्या जोडाव्या लागत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडन आणि बेल्जियममधील उत्पादकांनी गोंदाविना एकमेकींत अडकणाऱ्या ‘क्लिक’ खाचा आणल्या. तेव्हापासून हे काम झपाट्याने आणि कमी खर्चात होऊ लागले.

लॅमिनेटच्या फळीत चार थर असतात. सर्वांत वर मेलामाइन रेझिनचा पारदर्शक थर, त्यात झीज सोसण्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. त्याखाली लाकडाचे चित्र छापलेला कागद. मग एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनसह उष्णता आणि दाब देऊन घट्ट केलेला गाभा. तळाशी फळी वाकू नये म्हणून तोल सांभाळणारा आणखी एक थर. फळीची जाडी साधारण ६ ते १२ मिलिमीटर असते. झीज सोसण्याची ताकद ‘एसी’ क्रमांकाने सांगितली जाते. घरातील नेहमीच्या वावरासाठी एसी३ पुरते, वर्दळीच्या कार्यालयासाठी एसी४ किंवा त्यावरचा क्रमांक घेतात.

व्हायनिलची घडण

व्हायनिल म्हणजे पीव्हीसी. मुळात कडक आणि ठिसूळ असलेले हे द्रव्य लवचीक करण्याची रीत वॉल्डो सीमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ साली अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत शोधली. १९३३च्या शिकागो प्रदर्शनात व्हायनिलची जमीन लोकांसमोर आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा प्रसार झाला.

आज ती मुख्यतः तीन रूपांत मिळते. पहिले रूप गुंडाळीतले. इस्पितळांत हेच अंथरतात. सांधे उष्णतेने वितळवून बंद करतात आणि कडा भिंतीवर थोड्या वर चढवतात, म्हणजे घाण साचायला कोपरा उरत नाही. दुसरे रूप लवचीक पट्ट्यांचे, २ ते ५ मिलिमीटर जाडीचे. त्याला एलव्हीटी म्हणतात, आणि ते बहुधा गोंदाने चिकटवतात. तिसरे रूप एसपीसी. यात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांचा कडक गाभा असतो आणि फळ्या लॅमिनेटसारख्याच क्लिक पद्धतीने जोडल्या जातात. व्हायनिलचे टिकाऊपण त्याच्या पारदर्शक वरच्या थराच्या जाडीवर ठरते. घरासाठी ०.३ मिलिमीटर, तर दुकानासाठी ०.५ मिलिमीटर किंवा अधिक जाडीचा थर योग्य.

अमेरिका, ब्रिटन अशा देशांत जुने घर घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८०च्या दशकापूर्वीच्या अनेक व्हायनिल टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेले असे. अशा टाइल्स फोडू किंवा घासू नयेत. आधी तपासणी करून घ्यावी.

ओळखण्याच्या खुणा

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे कापलेली कड. उरलेला तुकडा पाहावा, किंवा दाराच्या उंबऱ्याजवळची पट्टी उचलून आतली कड तपासावी. कड तपकिरी आणि तंतुमय असेल तर ते लॅमिनेट. ती राखाडी, काळी किंवा पांढरट आणि एकसंध असेल तर ते व्हायनिल. एसपीसी कडक असल्याने लॅमिनेट समजले जाते, पण त्याच्या कडेला लाकडाचा तंतू दिसत नाही आणि आकाराच्या मानाने ते जड लागते.

तुकडा हाताशी नसेल तर पायाने आणि कानाने अंदाज घेता येतो. लॅमिनेटवर चालताना टकटक असा पोकळ आवाज येतो, कारण फळ्या फोमच्या थरावर मोकळ्या बसवलेल्या असतात. चिकटवलेले व्हायनिल दबक्या आवाजाचे असते आणि पायाला किंचित मऊ लागते. सुटी पट्टी सहज वाकली तर ते निश्चितच व्हायनिल. खोक्यावरचा मजकूरही उलगडा करतो : एचडीएफ आणि एसी क्रमांक लिहिला असेल तर लॅमिनेट, वरच्या थराची जाडी मिलिमीटर किंवा ‘मिल’मध्ये दिली असेल तर व्हायनिल. शंका उरलीच तर टाकाऊ तुकडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. लॅमिनेटची कड फुगते, व्हायनिल होते तसेच राहते. जाळून पाहू नये, कारण पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू असतो.

लॅमिनेटची निगा

लॅमिनेटचा पृष्ठभाग कणखर असतो. पाणी आत शिरते ते सांध्यांतून. दाबून बसवलेले तंतू ओले झाले की फुगतात आणि वाळल्यावर पूर्वीच्या जागी परतत नाहीत. म्हणून बादलीभर पाण्याने लादी पुसण्याची आपली नेहमीची पद्धत इथे चालत नाही. आधी मऊ झाडूने किंवा व्हॅक्यूमने धूळ काढावी, मग घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावे. सांडलेले पाणी लगेच टिपावे. वाफेचा मॉप वापरू नये. फिनेलचा आणि साबणाचा थर पृष्ठभागावर राहून तो धुरकट दिसतो, म्हणून सौम्य, उदासीन क्लीनर थोडाच वापरावा. मेण किंवा पॉलिश यात मुरत नाही, त्याचा नुसता चिकट पापुद्रा साचतो.

ओरखडे पडतात ते बहुधा वाळूच्या कणांनी. दारात पायपुसणे ठेवावे, फर्निचरच्या पायांना फेल्ट लावावे, आणि दगडाच्या पुडीची रांगोळी पाटावर किंवा ताटात काढावी.

बसवताना घेतलेली काळजी ही निगेचाच भाग आहे. लॅमिनेट हवेतील दमटपणाने प्रसरण पावते, म्हणून भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. ही जागा बुजवली तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, फळ्या मधूनच उचलल्या जातात. काँक्रीटमधली ओल वर येऊ नये म्हणून खाली पॉलिथिनचा कागद हवाच. गाभा लाकडाचा असल्याने वाळवीचाही बंदोबस्त आधीच करावा. न्हाणीघरात लॅमिनेट बसवू नये.

व्हायनिलची निगा

व्हायनिलला पाण्याचे भय नाही. तरी सांध्यांतून खाली गेलेले पाणी अडकून बुरशी धरते आणि गोंद सैल होतो, म्हणून पाणी साचू देऊ नये. त्याचे खरे शत्रू तीन : उष्णता, रबर आणि रसायने. गरम भांडे, उदबत्तीची ठिणगी किंवा पणतीचा तळ यांनी डाग पडतो, तो जात नाही. दिवाळीत पणतीखाली ताटली ठेवावी. गॅलरीच्या दारातून रोज येणाऱ्या कडक उन्हाने रंग उडतो आणि पट्ट्या प्रसरण पावतात. तिथे पडदा लावावा.

रबरी तळाच्या पायपुसण्यातील रसायने व्हायनिलमध्ये शिरून पिवळे डाग उमटवतात. हे डाग आतवर गेलेले असल्याने घासून निघत नाहीत. कापडी किंवा विणलेल्या तळाचे पायपुसणे वापरावे. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर दूर ठेवावे. हळद, मेंदी आणि केसांचा रंग सांडल्यास ताबडतोब पुसावा. जड कपाटाने मऊ व्हायनिलवर खड्डे पडतात. पायांखाली रुंद चकत्या द्याव्यात आणि कपाट ओढण्याऐवजी उचलून हलवावे.

दुरुस्ती आणि विल्हेवाट

दोन्हींच्या छापील जमिनी खऱ्या लाकडासारख्या घासून नव्या करता येत नाहीत, कारण घासले की चित्रच जाते. लॅमिनेटवरील बारीक खोक रंगीत मेणाच्या कांडीने भरतात. फुगलेली फळी मात्र बदलावी लागते, आणि त्यासाठी बहुधा जवळच्या भिंतीपासून फळ्या सोडवत यावे लागते. चिकटवलेली व्हायनिल पट्टी हीट गनने ऊब देऊन उचलता येते आणि तिच्या जागी नवी बसवता येते. गुंडाळीच्या व्हायनिलला ठिगळ जोडून सांधा बंद करतात. छापाचे नमुने काही वर्षांत बाजारातून जातात, म्हणून कोणतीही जमीन बसवताना एक जादा खोके विकत घेऊन ठेवावे. काढलेले तुकडे, विशेषतः व्हायनिलचे, जाळू नयेत. बांधकामाच्या राडारोड्यासोबत महापालिकेने ठरवून दिलेल्या ठिकाणी पाठवावेत.