पेशींचे सोयरेपण

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की २१ दिवसांनी पिले निघतात. आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत याचे कोणास नवल वाटत नाही. खरे नवल घडते ते दुसऱ्याच दिवशी. बलकावरील चपट्या गर्भात पेशींची एक पट्टी खोलगट होते, तिच्या कडा उचलून एकमेकींस मिळतात आणि तयार झालेली नळी वरच्या कातडीपासून सुटी होते. हीच पुढे मेंदू व मज्जारज्जू होते. पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी संशोधन केले ते अशाच कोंबडीच्या गर्भावर.

पण नळी सुटते कशी? पेशींच्या अंगावर परस्परांना धरून ठेवणारी प्रथिने असतात. जपानी शास्त्रज्ञ ताकेइची यांनी १९८४ साली त्यांस ‘कॅडहेरिन’ हे नाव दिले. कॅल्शियम काढून घेतले की त्यांची पकड सुटते. यांतही जाती आहेत, आणि बहुधा सजातीयच सजातीयाला धरतो! कातडीच्या पेशी ‘ई’ जातीचे कॅडहेरिन बाळगतात. नळीच्या पेशी ते टाकून ‘एन’ जातीचे घेतात. १९९० साली बेडकाच्या गर्भात कातडीवरही ‘एन’ लादून पाहिले, तेव्हा नळी धड सुटेना.

नळीच्या माथ्यावरील काही पेशी तर पकड सैल करून दूर निघून जातात. चेहऱ्याची हाडे आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्यांच्यापासूनच होतात.

मनुष्यगर्भात ही नळी चौथ्या आठवड्यातच मिटते, पुष्कळदा आईला दिवस गेल्याची खात्री होण्यापूर्वी. ती उघडी राहिल्यास मूल कण्याचा वा मेंदूचा दोष घेऊन जन्मते. हा धोका फॉलिक आम्लाने कमी होतो. म्हणून त्याच्या गोळ्या गर्भधारणेआधीच सुरू करावयास सांगतात.